प्रोसेसर स्वस्त होतो तेव्हा कात्री कुठे लागते

एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन नावाचा नवा प्रोसेसर आणला. पेंटियम टू तेव्हा महाग होता आणि कमी किमतीच्या संगणकांचा बाजार एएमडी, सायरिक्स अशा कंपन्यांकडे सरकत चालला होता. इंटेलने तोडगा काढला. पेंटियम टूचाच गाभा घेतला, वेग २६६ मेगाहर्ट्झ ठेवला आणि त्याच्या शेजारी बसणारी, वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी ५१२ किलोबाइटची कॅश मेमरी मात्र पूर्ण काढून टाकली. हा सेलेरॉन रोजच्या कामात इतका रखडायचा, की काही ठिकाणी जुना पेंटियम एमएमएक्सही त्याच्या पुढे जायचा. चार महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सेलेरॉन ३००ए आला. त्यात कॅश परत आली होती. होती फक्त १२८ किलोबाइट, पण चिपच्या आत बसवलेली आणि प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियम टूची कॅश चौपट मोठी असली तरी चिपच्या बाहेर होती आणि निम्म्या वेगाने चालायची. मदरबोर्डवर बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की बरेचसे ३००ए थेट ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार धावायचे आणि गेममध्ये पेंटियम टू ४५० च्या बरोबरीला यायचे. एकाची किंमत १४९ डॉलर, दुसऱ्याची त्याच्या चौपटीहून जास्त.

गेमसाठी कमी पैशांतला प्रोसेसर निवडणाऱ्या प्रत्येकाने या दोन सेलेरॉनची जोडी लक्षात ठेवावी, असं मला वाटतं. दोन्ही चिप स्वस्त होत्या, दोन्हींना कात्री लागली होती. पहिलीत ती मर्मावर लागली, दुसरीत नाही. दुकानात गेल्यावर आपण विचारतो, किती गिगाहर्ट्झ, किती कोअर, कितवी जनरेशन. खरा प्रश्न एवढाच असतो, की किंमत खाली आणण्यासाठी या चिपमधून नेमकं काय कमी केलं आहे, आणि ज्या कामासाठी आपण ती घेतो आहोत त्या कामाला ते लागतं का.

स्वस्त प्रोसेसर हा मुळात कमअस्सल माल नसतो. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप एकदम घडतात आणि त्यातल्या काहींत एखादा भाग सदोष निघतो. तो भाग कायमचा बंद करून उरलेली चिप कमी किमतीला विकली जाते. रायझन ५ ५६०० च्या चिपवर मुळात आठ कोअर आहेत, त्यातले दोन बंद केलेले असतात. इंटेलच्या कोअर आय३-१२१००एफ मध्ये सहापैकी चार कोअर चालू असतात, आणि नावाच्या शेवटचा एफ सांगतो की चिपवरचं ग्राफिक्सही बंद आहे. कधीकधी चिप पूर्ण निर्दोष असते, तरीही स्वस्त मालाची मागणी भागवण्यासाठी तिचे भाग बंद केले जातात. चालू राहिलेला प्रत्येक कोअर मात्र महागड्या भावंडाच्या कोअरसारखाच असतो. म्हणूनच शहाणपणाने घेतलेला स्वस्त प्रोसेसर कधीकधी दुप्पट किमतीच्या प्रोसेसरच्या अगदी जवळ पोचतो.

कुठली कात्री लागते आणि कुठली लागत नाही हे कळण्यासाठी गेम चालू असताना प्रोसेसर काय करतो ते पाहावं लागतं. पडद्यावर दिसणारं प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोघांच्या हातून तयार होते. तुम्ही माउस कुठे हलवला, गोळी कुणाला लागली, समोरचा शत्रू आता कुठे पळेल, कोसळणारी भिंत कुठे पडेल, हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो. मग काय काय काढायचं आहे याची यादी तो ग्राफिक्स कार्डाला देतो आणि कार्ड त्यात रंग, प्रकाश, सावल्या भरतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेम हव्या असतील तर ६.९. या दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्या वेगाने गेम चालतो.

पडद्याचं रिझोल्यूशन वाढवलं की कार्डाचं काम वाढतं, कारण त्याला जास्त ठिपके रंगवावे लागतात. प्रोसेसरचा हिशोब जवळपास तेवढाच राहतो, कारण शत्रू तेवढेच असतात आणि भिंतीही तेवढ्याच. यातून घरच्या घरी करता येणारी एक तपासणी निघते. गेम चालू असताना रिझोल्यूशन कमी करून पाहा. फ्रेमचा आकडा झपकन वाढला तर अडचण कार्डाची आहे. आकडा हललाच नाही तर प्रोसेसर कमी पडतो आहे. नवा प्रोसेसर घ्यायला निघालेल्या कितीतरी जणांना ही तपासणी केल्यावर कळेल, की पैसे ग्राफिक्स कार्डात घालायला हवेत.

त्यामुळे आपण कुठले गेम खेळतो हे आधी ठरवायला हवं. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या गेममध्ये चित्र साधं असतं आणि खेळाडूंना फ्रेम शेकड्यांत हव्या असतात. तिथे भार प्रोसेसरवर येतो. सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये प्रकाश आणि सावल्यांचं काम इतकं असतं, की मध्यम किमतीचं कार्डच आधी दमतं. शहर वसवण्याचे किंवा युद्धाचे मोठे डावपेच मांडण्याचे गेम पुन्हा प्रोसेसरकडे झुकतात. हजारो माणसं, गाड्या, सैनिक यांचा हिशोब तिथे दर क्षणी चालू असतो.

इथे प्रोसेसरच्या चाचण्या वाचताना होणारी एक गफलत सांगायला हवी. चाचणी घेणारे लोक बाजारातलं सगळ्यात महाग ग्राफिक्स कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन मुद्दाम १०८० ठेवतात. प्रोसेसरांमधला फरक उघडा पडावा म्हणून असं करणं योग्यच आहे. पण त्या तक्त्यात एक प्रोसेसर दुसऱ्यापेक्षा ३० टक्के पुढे दिसला, म्हणून तुमच्या आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ३०५० वर तेवढा फरक पडेल असं नाही. तिथे बहुतेक गेममध्ये कार्ड आधी थांबतं आणि दोन्ही प्रोसेसर सारखेच दिसतात. पन्नास-साठ हजारांत पूर्ण संगणक बसवायचा असेल तर माझा साधा हिशोब आहे. कार्डाला जितके पैसे देणार, त्याच्या निम्म्याच्या आसपासच प्रोसेसरला द्यावेत. फक्त व्हॅलोरंटसारखेच गेम खेळणाऱ्यांनी हे प्रमाण प्रोसेसरकडे थोडं झुकवायला हरकत नाही.

आता कात्रीकडे येऊ. सगळ्यात निरुपद्रवी कात्री म्हणजे एफ. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावायचंच असेल तर चिपवरच्या ग्राफिक्सचा गेममध्ये काही उपयोग नाही. ते नसलेला प्रोसेसर स्वस्त मिळत असेल तर खुशाल घ्यावा. फक्त एक लक्षात ठेवावं, की उद्या कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं तर पडद्यावर काहीच येणार नाही. ज्याला त्याच संगणकावर अभ्यास किंवा ऑफिसचं काम करायचं आहे, त्याने हा विचार करावा. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवरच्या, नावात जी नसलेल्या रायझनमध्येही ग्राफिक्स नसतं, नावात एफ नसला तरी. ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेग वाढवण्याची सोय नसणं हीदेखील अशीच बिनधोक काटछाट. सेलेरॉन ३००ए च्या काळात त्या एका सोयीने पैसे वसूल व्हायचे. आजच्या चिप कारखान्यातूनच जवळपास कमाल वेगावर धावत येतात, त्यामुळे त्या सोयीसाठी महाग मदरबोर्ड आणि महाग कूलर घेणं बजेटमध्ये बसत नाही.

कोअरच्या कात्रीची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. २०१४ च्या जूनमध्ये पेंटियम या नावाला वीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने इंटेलने पेंटियम जी३२५८ काढला. किंमत ७२ डॉलर, दोन कोअर, आणि वेग हवा तेवढा वाढवायची मुभा. हौशी मंडळींनी तो ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत नेला आणि त्या वेळच्या बऱ्याच गेममध्ये तो महाग प्रोसेसरांना घाम फोडत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फार क्राय ४ आला आणि दोन कोअर आणि दोनच थ्रेड, म्हणजे एका वेळी चालवता येणारे कामाचे धागे, असलेल्या प्रोसेसरांवर तो सुरूच होईना. पडदा काळा. गेम तिसऱ्या-चौथ्या थ्रेडची अपेक्षा करत होता आणि या चिपमध्ये तो नव्हता.

ही अपेक्षा कुठून आली? २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन हे गेमिंग कन्सोल आले. त्यांच्यात आठ कोअर होते, वेगाने अगदी साधारण, पण आठ. मोठे गेम आधी या खोक्यांसाठी लिहिले जातात. त्यामुळे काम अनेक थ्रेडमध्ये वाटण्याची सवय गेम लिहिणाऱ्यांना लागली आणि दोन थ्रेडवाल्या प्रोसेसरांचे दिवस भरले. जानेवारी २०१७ मध्ये ६४ डॉलरचा पेंटियम जी४५६० आला. त्यात कोअर दोनच होते, पण हायपरथ्रेडिंगमुळे थ्रेड चार मिळत होते. तेवढ्यावर तो बजेट गेमरांचा लाडका झाला आणि कोअर आय३ घ्यायचं कारणच उरलं नाही. पुढे २०२० च्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स आले, पुन्हा आठ कोअर, पण या वेळी खरे दमदार आणि सोळा थ्रेडचे. आज गेम किती कोअर मागतील हे त्यांच्यावरून ठरतं.

म्हणून माझं मत असं आहे. आज चार कोअर आणि आठ थ्रेड ही अगदी खालची पायरी समजावी. कोअर आय३-१२१००एफ जानेवारी २०२२ मध्ये ९७ डॉलर किमतीला आला आणि त्याचा प्रत्येक कोअर अजूनही उत्तम आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जीटीए ५ असे गेम तो आरामात चालवतो. गर्दीच्या शहरातून धावणाऱ्या नव्या मोठ्या गेममध्ये मात्र त्याची दमछाक होते. ती सरासरीच्या आकड्यात दिसत नाही. सरासरी ८० फ्रेम दिसते, पण मधूनच एखादी फ्रेम ४०-५० मिलिसेकंद घेते आणि हाताला हिसका जाणवतो. चाचण्यांमध्ये एक टक्का लो नावाचा जो आकडा देतात तो याच हिसक्यांचा. सरासरीपेक्षा मी तो आधी पाहतो. सहा कोअर आणि बारा थ्रेड घेतले तर हे हिसके बरेच कमी होतात. त्याहून जास्त कोअर घेऊन गेममध्ये फारसा फायदा दिसत नाही. आय५-१३४००एफ मध्ये सहा मोठ्या कोअरांच्या जोडीला चार छोटे कोअर आहेत. जाहिरातीत ते दहा कोअर म्हणून मिरवतात. गेमसाठी महत्त्वाचे ते सहाच.

यानंतर येते ती कॅशची कात्री, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण दुकानदार कॅशचा आकडा सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

रायझन ५ ५६०० चा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कोटी ठोके. १४४ फ्रेमच्या हिशोबाने एका फ्रेमच्या वाट्याला साधारण तीन कोटी ठोके येतात. लागणारी माहिती चिपवरच्या तिसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये असेल तर ती पन्नासेक ठोक्यांत हाती येते. ती तिथे नसेल आणि रॅममधून आणावी लागली, तर ७०-८० नॅनोसेकंद, म्हणजे तीनशे-साडेतीनशे ठोके निघून जातात. एका फ्रेममध्ये अशा ८५ हजार फेऱ्या एकामागोमाग एक झाल्या तर फ्रेमचा सगळा वेळ नुसता वाट पाहण्यात गेला. प्रोसेसर अशा वेळी दुसऱ्या सूचना उरकून घेण्याचा, पुढची माहिती आधीच मागवून ठेवण्याचा प्रयत्न करतो. व्हिडिओचं रूपांतर करण्यासारख्या सरळ ओळीतल्या कामात ते छान जमतं. गेमचं जग मात्र विखुरलेलं असतं. या सैनिकापासून त्याच्या बंदुकीकडे, बंदुकीपासून गोळीकडे, गोळीपासून समोरच्या दाराकडे असं एका नोंदीतून दुसरीचा पत्ता मिळत जातो आणि पहिली हातात आल्याशिवाय दुसरी मागवता येत नाही. त्यामुळे गेम हे कॅशवर फार अवलंबून असलेलं काम आहे.

एएमडीने २०२२ च्या एप्रिलमध्ये याचा ढळढळीत पुरावाच विकायला काढला. रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये आधीच्या ५८००एक्स इतकेच आठ कोअर होते, वेग उलट थोडा कमी होता, फक्त कॅश ३२ मेगाबाइटवरून ९६ वर नेली होती. गेममध्ये तो आपल्या जास्त वेगवान भावाच्या स्पष्टपणे पुढे निघाला.

तो प्रोसेसर बजेटमधला नव्हता, पण त्याच महिन्यात आलेले तीन स्वस्त रायझन पाहा. रायझन ५ ४५००, रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६००. तिन्हींना सहा कोअर, बारा थ्रेड. किमती १२९, १५९ आणि १९९ डॉलर. नावं ऐकून वाटावं, की एकच चिप तीन वेगांवर विकली जाते आहे. आत पाहिलं तर ५६०० ला कॅश आहे ३२ मेगाबाइट, ५५०० ला १६, आणि ४५०० ला फक्त ८, तीही चार-चारच्या दोन तुकड्यांत. शिवाय ४५०० चे कोअरही एक पिढी जुने. ५६०० मध्ये दोन कोअर छाटले, पण कॅश पूर्ण ठेवली. ५५०० ही मुळात लॅपटॉपसाठी घडवलेली, ग्राफिक्सवाली चिप. तिचं ग्राफिक्स बंद केलं आणि कॅश तिच्यात पहिल्यापासूनच निम्मी होती. गेमसाठी घेत असाल तर ४५०० च्या वाटेला जाऊच नये. ५५०० तेव्हाच घ्यावा, जेव्हा वाचलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड खरोखर एक पायरी वरचं येत असेल.

कॅश किती आहे याइतकंच ती कुणाच्या वाट्याला आहे हेही महत्त्वाचं असतं. मे २०२० मध्ये आलेले रायझन ३ ३१०० आणि रायझन ३ ३३००एक्स यासाठी फार बोलके आहेत. दोन्हींना चार कोअर, आठ थ्रेड, १६ मेगाबाइट कॅश. किंमत ९९ आणि १२० डॉलर. ३१०० मध्ये दोन-दोन कोअरच्या दोन टोळ्या आणि प्रत्येकीकडे आठ-आठ मेगाबाइट. एका टोळीतल्या कोअरला दुसरीकडची माहिती हवी झाली, की चिपच्या आतल्या लांबच्या रस्त्याने जावं लागायचं. ३३००एक्स मध्ये चारही कोअर एकाच टोळीत आणि सगळी कॅश सगळ्यांची. दोन्ही एकाच वेगावर लावून घेतलेल्या चाचण्यांतही ३३००एक्स गेममध्ये पुढे राहिला. दुर्दैवाने तो बाजारात फारसा मिळालाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या झेन ३ या रचनेत एएमडीने आठही कोअर एका टोळीत आणून ३२ मेगाबाइट सामाईक केले. रायझन ५ ५६०० इतकी वर्षं टिकून आहे तो याच बदलामुळे.

नव्या एएम५ सॉकेटवरही हाच खेळ चालू आहे. रायझन ५ ७५००एफ मध्ये ३२ मेगाबाइट कॅश आहे, तर नावाने मोठा वाटणाऱ्या रायझन ५ ८४००एफ मध्ये १६. आठ हजारांच्या मालिकेतल्या या चिप पुन्हा लॅपटॉपच्या घराण्यातल्या. आकडा मोठा म्हणून चिप मोठी, हे गृहीत धरू नये. इंटेलकडेही आय३-१२१००एफ, १३१००एफ आणि १४१००एफ यांत मुख्य फरक थोड्याशा वेगाचा आहे. चार कोअर आणि १२ मेगाबाइट कॅश तिन्हींत तीच. १२१००एफ स्वस्त मिळत असेल तर १४ व्या पिढीच्या नावाचे जास्त पैसे मोजू नयेत.

आणखी एक कात्री सहसा कुणाच्याच ध्यानात येत नाही. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात माहितीची ने-आण पीसीआय एक्स्प्रेस या मार्गाने होते. ५५०० आणि ग्राफिक्सवाला ५६००जी या मार्गाची तिसरी आवृत्ती देतात, ५६०० चौथी देतो, आणि दर आवृत्तीला मार्गाची क्षमता दुप्पट होते. सोळा पदरी कार्डाला याने फारसा फरक पडत नाही. पण स्वस्त कार्डांचेही पदर छाटलेले असतात. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार पदरांवर चालतं. चौथ्या आवृत्तीत त्याला सेकंदाला साधारण ८ गिगाबाइट मिळतात, तिसरीत ४. त्याची स्वतःची मेमरी बहुधा ४ गिगाबाइटचीच असते. ती भरली की कार्डाला याच चिंचोळ्या वाटेने संगणकाच्या रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि गेम अडखळतो. स्वस्त प्रोसेसर आणि स्वस्त कार्ड वेगवेगळे पाहिले तर दोन्ही ठीक दिसतात, जोडी जमवली की बिघडतात. मदरबोर्डही यात येतो. ५६०० घेतला, पण बोर्ड ए५२० किंवा बी४५० असला तर मार्ग तिसऱ्या आवृत्तीचाच राहतो. चौथीसाठी बी५५० सारखा बोर्ड लागतो. एएम५ वर ८५००जी मध्ये तर कार्डासाठी पदरच चार ठेवले आहेत, मग त्यात आठ पदरांचं आरटीएक्स ४०६० लावा की आणखी काही.

आधी प्रोसेसर घेऊ, कार्डाचं पुढच्या वर्षी पाहू, असं ठरवणारे विद्यार्थी आपल्याकडे खूप आहेत. त्यांच्यासाठी ५६००जी, आणि पैसे जास्त असतील तर ८६००जी, हे खरोखर चांगले पर्याय आहेत. हलके गेम त्यांच्या आतल्या ग्राफिक्सवर नीट चालतात. मात्र या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. ५६००जी ला डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक लावली तर सेकंदाला २५.६ गिगाबाइट मिळतात, दोन लावल्या तर ५१.२. म्हणून १६ ची एक स्टिक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दुकानदार पुढे वाढवता येईल म्हणून एकच सुचवतात. तो सल्ला इथे ऐकू नये. बायोसमध्ये जाऊन रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारं एक्सएमपी चालू केलं आहे ना, तेही पाहावं. नाहीतर ३२०० ची रॅम गुपचूप २४०० किंवा २६६६ वर चालत राहते. कार्ड सहा महिन्यांत येणारच असेल तर मात्र ५६००जी घेऊ नये. कार्ड आल्यावर त्याची निम्मी कॅश आणि जुना पीसीआय मार्ग, दोन्ही गळ्यात पडतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि ऑनलाइन जाहिरातींमध्येही एक आमिष हमखास दिसतं. ‘आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड’, आणि किंमत आश्चर्य वाटावी इतकी कमी. आतला आय७ बहुधा २०११-१२ सालचा २६०० किंवा ३७७० असतो आणि ग्राफिक्स कार्ड जीटी ७३० सारखं नावापुरतं. आय७-३७७० चे कोअर आणि थ्रेड आजच्या आय३-१२१००एफ इतकेच आहेत, पण आजच्या आय३ चा एकेक कोअर त्याच्या दुपटीच्या आसपास काम उरकतो. एव्हीएक्स२ या सूचना त्या जुन्या चिपमध्ये नाहीतच, आणि काही नवे गेम त्यांच्याशिवाय सुरू होत नाहीत. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खालच्या इंटेल प्रोसेसरना स्वीकारत नाही, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, आणि या बोर्डांवर निदान टीपीएम २.० तरी नसतं. घरच्यांनी पै-पै जमवून मुलाला घेऊन दिलेला संगणक असा निघाला की वाईट वाटतं. आय७ हे नाव पाहून काहीच कळत नाही. त्यापुढचा चार-पाच अंकी आकडा लिहून घ्यावा आणि घरी येऊन तपासावा, मगच पैसे द्यावेत.

खरेदीच्या वेळी बॉक्स आणि ट्रे हा फरकही विचारून घ्यावा. बॉक्समध्ये कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि बहुतेक बजेट मॉडेलांबरोबर कूलर येतो. ट्रे म्हणून सुटा मिळणारा प्रोसेसर थोडा स्वस्त असतो, पण वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर आणि कूलरचा खर्च वेगळा. १८ टक्के जीएसटी वाचवायला बिल नको म्हणण्याचा मोह होतो. तसं केलं तर ती वॉरंटीही हातची गेली. कूलरचं म्हणाल, तर ६५ वॉटच्या प्रोसेसरला सोबत आलेला कूलर एरवी पुरतो. खोलीचं तापमान जितकं चढेल, साधारण तितकंच चिपचंही चढतं. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद खोलीत खेळणाऱ्याने समोरून हवा घेणारी जाळीदार कॅबिनेट घ्यावी. पुढे नुसती काच असलेली दिसायला सुंदर असते, पण हवेला वाट देत नाही.

शेवटी सॉकेटचा प्रश्न. तो आजच्या फ्रेमसाठी नसून तीन-चार वर्षांनंतरच्या खिशासाठी महत्त्वाचा आहे. इंटेलचा एलजीए१७०० चौदाव्या पिढीबरोबर थांबला. आज १२१००एफ घेणाऱ्याला पुढे त्याच बोर्डवर जुना आय५ किंवा आय७ बसवता येईल, चौदाव्या पिढीपलीकडचा नाही. एएम५ साठी नवे प्रोसेसर २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते, आणि डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. नवीनच संगणक बांधायचा आणि पैशांची थोडी ओढाताण सोसता येत असेल, तर मी अजूनही ७५००एफ आणि एएम५ कडे झुकेन. हात आखडता असेल तर इंटेलचा आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६००, जो त्या दिवशी बोर्डासकट स्वस्त पडेल तो.

ज्यांच्याकडे २०१७-१८ साली घेतलेला रायझन ३ १२०० किंवा २२००जी आहे, त्यांनी मात्र नवीन काहीच बांधू नये. एएम४ च्या त्या जुन्या बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांवर बायोस बदलल्यावर ५६०० चालतो. असलेली डीडीआर४ रॅम तशीच वापरता येते आणि प्रोसेसरचा एकट्याचा खर्च होतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलच्या यादीत ५६०० आहे का ते आधी पाहावं. जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस अपडेट करावं, कारण जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर सुरूच होत नाही. मग संगणक दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून बंद करावा, म्हणजे थर्मल पेस्ट मऊ पडते. कूलर सरळ वर ओढू नये, डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवावा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, आणि वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून आला तर त्यातल्या काही वाकतात. जुना प्रोसेसर शाबूत निघाला तर तो विकून नव्या प्रोसेसरच्या खर्चातला थोडा भाग वसूल होतो.